आईच्या मापाची मूठ

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. ऑफिसातल्या लोकांना हे खरं वाटणार नाही, कारण तिथे मी म्यूट करून चिडतो. घरी ती सोय नाही. बायको दादरची, तिला टोमणे आयते सुचतात. मी सांगलीचा, मला उत्तर दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचतं. मधल्या वेळात मी नुसता तापलेला असतो. हा स्वभाव मला आईकडून आला. लहानपणी तिची चापट अशी झटकन यायची की आपण काय बोललो ते आठवायच्या आत उजवा गाल लाल झालेला असायचा. शाळेच्या वाटेवर मित्र माझ्या उजव्या गालाकडे बघायचे आणि आज काय केलंस म्हणून विचारायचे.

त्या हिवाळ्यात आई आमच्याकडे ओहायोला, डब्लिनला आली. बाबा गेल्यानंतर तिचे दोन्ही गुडघे बदलून झाले होते आणि सांगलीच्या फ्लॅटमध्ये ती एकटी होती. मी फोनवर कितीतरी महिने तिचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे ती सहा महिन्यांसाठी यायला कबूल झाली. माझ्या मनात सहा महिने नव्हतेच. तिने आता इथेच राहावं असं मला वाटत होतं, पण तसं सांगितलं असतं तर ती विमानात चढलीच नसती. म्हटलं, आधी येऊ दे, जरा रमू दे, मग हळूच विषय काढू.

ती रमेना. बर्फ बघून झाला, डेकवर येणाऱ्या खारी बघून झाल्या, इंडियन ग्रोसरीत जाऊन भेंडीचे भाव ऐकून कपाळावर हात मारून झाला. मग ती किचनमध्ये शिरली आणि तिथेच सगळं बिनसलं.

आईची ओळख म्हणजे तिचा कोबी. आमच्या गल्लीत कुणाकडे बारसं असो की मुंज, आदल्या दिवशी आईला विळीसकट बोलावणं यायचं. ती विळीच्या पाटावर पाय रोवून बसायची, कोबीचा अर्धा गड्डा दोन्ही हातांत धरायची आणि गप्पा मारता मारता पात्यावरून असा फिरवायची की खाली परातीत केसासारखा कोबी पडत राहायचा. आमची बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, यांच्याकडे कुठलंतरी मशीन आहे. आईने तिला विळी दाखवली. त्या दिवसापासून आमच्या घरात पचडी फक्त आईच करते, बाकीचे खातात.

ती विळी तिने सामानातून आणलीही होती. पण नव्या गुडघ्यांनी जमिनीवर बसायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. मी म्हटलं, त्यात काय, आपण विळीला वर आणू. गॅरेजमधला एक लोखंडी क्लॅम्प घेऊन विळी डायनिंग टेबलाला आवळून टाकली. आई खुर्चीवर बसली तर पातं बरोबर गळ्यापाशी आलं. उभी राहिली तर पोटापाशी. बायको ऑफिसातून आली, तिने दारातूनच ते दृश्य पाहिलं आणि शांतपणे विचारलं की आज दसरा आहे का. विळी त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये गेली.

राहिली सुरी. आमच्याकडे दुकानातल्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या सुऱ्या होत्या. आई त्यांतली एखादी उजव्या हातात अशी धरायची, जसं काही कुणीतरी जबरदस्तीने दिली आहे. कांद्याच्या फोडी ओबडधोबड, बटाटा एकीकडे जाड एकीकडे कागद, आणि कोबी तर विचारू नका. एकदा बोट कापून घेतलं. मी चिडलो, बायकोने काळजीने फूड प्रोसेसर काढला, त्याने कोबीचा लगदा केला. मग बायको तयार चिरलेल्या भाज्यांची पाकिटं आणायला लागली. तिचा हेतू चांगला होता. पण त्यानंतर आई किचनमध्ये जायची बंद झाली. सोफ्यावर शाल पांघरून बसायची, वाती वळायची आणि आम्ही वाढलेलं जेवायची.

एका रविवारी फ्रोझन फरसबी खाता खाता ती म्हणाली, "माझं तिकीट जरा अलीकडचं करून दे. पाडवा झाला की जाते."

मी कारण विचारलं. म्हणाली की तुम्ही दोघं खूप करता, पण पाहुणी म्हणून किती दिवस बसायचं. माझा हात गेला रे आता, असंही म्हणाली, आणि ते तिने अगदी सहज सांगितलं. मला कळत होतं की ती आता अशी निराश होऊन गेली तर पुन्हा येणार नाही. तिकडे बंद फ्लॅटमध्ये एकटी बसेल आणि मला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगेल. मी तिकीट बदललं, पाडव्यानंतरच्या आठवड्यातलं घेतलं, कारण नाही म्हणालो असतो तर तिने स्वतः सांगलीच्या शेजारच्या काकांना सांगून घेतलं असतं. पण मनात म्हटलं, पाडव्यापर्यंत वेळ आहे. हिच्या हातात बसेल अशी सुरी मी मिळवणारच.

ती मिळाली आमच्याच कॉलनीत. कुणीतरी घर विकून फ्लोरिडाला चाललं होतं, त्यांनी गॅरेजमध्ये सगळं सामान मांडून ठेवलं होतं. जुन्या बश्या, माशांचे गळ, आणि त्यात एक जपानी सुरी. ही भाजीचीच सुरी असते, चौकोनी पात्याची, पुढे टोक नसलेली. पातं काळपट, पण सरळ आणि पातळ. मूठ मात्र पार कुजली होती. पाणी आत जाऊन लाकूड भुसभुशीत झालेलं. मी ती घरी आणून आईपुढे धरली. तिने नखाने पातं वाजवलं, मग चक्क वास घेतला.

म्हणाली, "हे लोखंड आहे. आपल्या विळीसारखं. पुसून नाही ठेवलं तर गंजेल."

कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात जरा जीव आला होता. मी लगेच कामाला लागलो. असं काही असलं की मी आधी इंटरनेटवर तासन्‌तास व्हिडिओ बघतो, मग गरज नसलेली हत्यारं मागवतो आणि मग काम करतो. ही पद्धत बायकोला मान्य नाही.

जपानी मूठ आपल्या मुठीसारखी दोन फळ्या खिळ्यांनी ठोकून केलेली नसते. एकच लाकडाचा तुकडा असतो, त्याला मधोमध भोक, आणि पात्याची निमुळती शेपूट त्या भोकात घट्ट बसवायची. लाकूड मॅग्नोलियाच्या जातीच्या एका जपानी झाडाचं, अगदी हलकं, ओल्या हातात न सरकणारं. तोंडाशी म्हशीच्या शिंगाचं काळं कडं. ते शिंगाचं आहे म्हटल्यावर आई जरा थबकली, गाईचं नाही ना म्हणून विचारलं, म्हशीचं म्हटल्यावर हायसं वाटून म्हणाली की मग ठीक आहे. म्हशीने काय पाप केलं होतं ते मी विचारलं नाही.

मुठीचे दोन प्रकार होते. एक अष्टकोनी, आणि दुसरी अशी की आडवी कापली तर इंग्रजी डी अक्षरासारखी दिसावी. हिच्या एका बाजूला बारीकसा कणा असतो, तो वळलेल्या बोटांच्या पेरांत बसतो, त्यामुळे पकड हलत नाही. मला ही दुसरी फार आवडली. म्हटलं, आईच्या हाताला आधार पाहिजे, हीच घेऊ. मागवताना हाताचं माप द्यायचं होतं. मी कागद-पेन्सिल घेऊन गेलो आणि हात दे म्हणालो. आई वाती वळत होती. तिने एक हात उचलला, मग थांबली, तो पदराला पुसून मांडीवर ठेवला आणि दुसरा, उजवा, कागदावर ठेवला. मी भोवतीने रेघ ओढली. वेबसाइटवर 'उजव्या हातासाठी' असं आधीच निवडलेलं होतं. मी पुढे क्लिक केलं.

मूठ आली त्या शनिवारी बाहेर बर्फ वितळत होता आणि गॅरेजमध्ये हाडं गोठवणारी थंडी होती. आईने खुर्ची मागितली आणि किचनच्या दारात शाल गुंडाळून देखरेखीला बसली. जुनी मूठ दोन ठोक्यांत फुटून पडली. शेपटीवर गंजाचे पापुद्रे होते. ते घासायला मी आठ प्रकारचे सँडपेपर काढले तर आईने चिंच मागवली. आधी चिंच, मग सँडपेपर, असं आमचं ठरलं. शेपूट लख्ख झाली. ती नव्या मुठीच्या भोकात घालून पाहिली तर अर्धीच आत जात होती.

आता पुढची पायरी होती शेपूट तापवायची. गॅसवर पेटणाऱ्या टॉर्चने ती लाल करायची आणि गरम असतानाच मुठीत दाबायची. लाकूड आतून जळतं आणि शेपटीच्या आकाराची जागा तयार होते. मी टॉर्च पेटवला तर आई दारातून ओरडली की पातं आधी ओल्या फडक्यात गुंडाळ, नाहीतर त्याचं पाणी उतरेल, पातं मऊ पडेल. तिच्या माहेरी खुरप्याला मूठ अशीच बसवायचे, हे तिने तेव्हा सांगितलं. मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस, मी त्या व्हिडिओंवर अख्खा आठवडा घालवला. ती म्हणाली की तू विचारलं कुठे, तू तर मला मान वर करूनसुद्धा बघितलं नाहीस.

शेपूट मुठीत गेली, चर्र आवाज झाला आणि भोकातून धुराचा लोट निघाला. दार उघडं होतं. धूर आईच्या डोक्यावरून थेट किचनमध्ये गेला आणि घरातले सगळे स्मोक अलार्म एकदम कोकलायला लागले. बायको वरून टॉवेल फडकावत धावत आली. मी एका हातात तापलेली सुरी घेऊन कुणावर चिडावं याचा विचार करत होतो. आणि आई हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. इथे आल्यापासून ती अशी हसलीच नव्हती. बायकोने टॉवेल खाली केला आणि तीही हसायला लागली.

शेवटचं ठोकणं मला सगळ्यांत आवडलं. मूठ हातात धरायची, पातं खाली लोंबतं ठेवायचं आणि लाकडी हातोडी मुठीच्या वरच्या टोकावर मारायची. वाटतं, आता पातं निसटून पायावर पडणार. पण होतं उलटंच. प्रत्येक ठोक्याला पातं आपणहून वर चढतं आणि मुठीत घट्ट रुतत जातं. शिंगाच्या कड्यापाशी जी बारीक फट राहिली तिच्यात मी मेण वितळवून ओतलं, म्हणजे पाणी आत शिरायला नको. मग पात्याला धार लावली. सुरी अशी देखणी दिसत होती की मी तिचे फोटो काढून मित्रांना पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोबीचा गड्डा काउंटरवर ठेवला आणि सुरी आईच्या हातात दिली. आमची लेक स्प्रिंग ब्रेकसाठी कॉलेजातून आदल्या रात्री आली होती, तीही कॉफी घेऊन उभी राहिली. आईने सुरीला नमस्कार केला, उजव्या हातात धरली आणि कोबीवर चालवली.

काही उपयोग झाला नाही. पातं सपासप उतरत होतं, पण वाकडंतिकडं. कोबी जाड पडत होता, मनगट थरथरत होतं, आणि चार-पाच वेळा चालवल्यावर तिने सुरी हळूच खाली ठेवली.

"मुठीचा काही दोष नाही," ती म्हणाली. "तू फार सुंदर केलीस रे. माझा हातच गेला."

मला इतका राग आला की काय सांगू. तिच्यावर नाही, त्या मुठीवर. म्हटलं, मूठ जाड झाली असेल, घासतो. धार कमी असेल, परत लावतो. बायकोने डोळ्यांनी गप्प बस म्हणून सांगितलं. तेवढ्यात लेकीने सुरी उचलली. आमची लेक डावखुरी आहे. तिने डाव्या हातात धरून कोबीवर दोनदा चालवली आणि लगेच हात झटकला.

"बाबा, इट्स पोकिंग मी. धिस इज फॉर राइटीज ओन्ली," ती म्हणाली, आणि तो बारीक कणा आपल्या तळव्यात कसा रुततो ते दाखवलं.

मी म्हटलं की ती आजीसाठी आहे, तुझ्यासाठी नाही, तू तुझी प्लॅस्टिकची घे. लेकीने खांदे उडवले आणि प्लॅस्टिकच्या सुरीने डाव्या हाताने भराभर सफरचंद कापून खायला बसली. आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने नातीला विचारलं की डाव्या हाताने केलं तर तुला कुणी काही म्हणत नाही का. लेकीला प्रश्नच कळला नाही. तिने तोंडात सफरचंद ठेवून विचारलं की व्हाय वुड दे.  मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी वेबसाइटवर मूठ घासून बारीक कशी करायची ते शोधत होतो.

पुढचे काही दिवस मी मूठ घासली, पुन्हा तेल लावलं, पुन्हा आईला दिली. ती बिचारी दर वेळी प्रयत्न करायची आणि दर वेळी मूठ छान आहे म्हणायची. एकीकडे तिने बॅग बाहेर काढून ठेवली होती.

मग एका सकाळी, दोन मीटिंगांच्या मधे, मी कानात हेडफोन तसेच ठेवून चहा करायला खाली आलो. जिन्यातच मला आवाज आला. टक टक टक टक, एका लयीत, न थांबता. लेक आदल्या दिवशी परत गेली होती. बायको ऑफिसात होती. मी हेडफोन काढले आणि दबकत खाली उतरलो.

आई काउंटरशी पाठमोरी उभी होती. समोर कोबी होता. हातात ती प्लॅस्टिकच्या मुठीची साधी सुरी होती, आणि ती डाव्या हातात होती. मनगट थरथरत नव्हतं. ती खिडकीबाहेरच्या खारीकडे बघत होती, सुरीकडे तर तिचं लक्षही नव्हतं, आणि खाली केसासारख्या बारीक कोबीचा ढीग पडत होता. सांगलीच्या परातीतला तोच कोबी.

पायरी करकरली. तिने मागे पाहिलं आणि क्षणात सुरी उजव्या हातात घेतली. सत्तरी उलटलेली माझी आई, आणि तिचा चेहरा गणिताच्या तासाला चिंच खाताना पकडलेल्या पोरीसारखा झाला होता.

"रागवू नकोस," ती म्हणाली.

मला रडू आलं. एवढ्या वर्षांत मी तिच्यावर किती वेळा रागावलो असेन, आणि ती कशासाठी माफी मागत होती, तर स्वतःच्या हातासाठी. माझं डोकं मात्र तेव्हा भलतीकडेच धावत होतं. मला ती चापट आठवत होती. समोरच्या माणसाच्या उजव्या गालावर चापट बसते ती कुठल्या हाताने? बाकीच्या पोरांचे डावे गाल लाल व्हायचे. माझा कायम उजवा. राग आला की तिला हात बदलायला वेळच मिळत नव्हता, आणि एवढी साधी गोष्ट मला पन्नाशी आली तरी कळली नव्हती.

मी चहा टाकला, दुसऱ्या मीटिंगला कळवलं की आज येत नाही, आणि आईने मला सगळं सांगितलं. लहानपणी जेवताना तिची काकू तिचा डावा हात झग्याच्या पट्ट्यात खोचून ठेवायची. शाळेत बाई फूटपट्टी मारायच्या. कुंकू डाव्या हाताने लावायचं नाही, वाढायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने बजावलं की सासरी कळू देऊ नकोस. तिने कळू दिलं नाही. लिहायला, वाढायला, पोळ्या लाटायला तिने उजवा हात लावून घेतला. पण चिरायला तिला कधी काही करावंच लागलं नाही.

"विळीला काय कळतंय, कुठला हात ते," ती म्हणाली. "दोन्ही हात लागतात. तिथे मला कुणी बघत नव्हतं."

बाबांना ठाऊक होतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाही. एकदा कॅरम खेळताना त्यांना संशय आला होता, म्हणून तिने कॅरम खेळणंच सोडून दिलं. मला आठवलं, सुट्टीत आम्ही सगळे कॅरमभोवती बसायचो आणि आई लांबून म्हणायची की मला नाही बाई जमत.

मी विचारलं की मग ही प्लॅस्टिकची सुरी का घेतलीस, मी एवढी जपानी करून दिली आहे ना. तिने डावा तळवा पुढे केला. त्यावर कण्याची लांब लाल खूण होती. तिने ती सुरी डाव्या हाताने आधीच वापरून पाहिली होती, लेक गेल्या गेल्या. टोचली, म्हणून ठेवून दिली, आणि मी इतक्या हौसेने केलेली मूठ टोचते असं सांगणं तिला जिवावर आलं.

मी उठलो आणि तडक गॅरेजमध्ये गेलो. मूठ काढायची, अर्धी फिरवायची आणि उलटी बसवायची. म्हणजे कणा उजवीकडचा डावीकडे जाईल. बोलायला सोपं होतं. मी ती इतकी पक्की बसवली होती की आता काढताना नाकी नऊ आले. बायकोचा हेअर ड्रायर आणून मेण वितळवलं. कड्याला लाकडाचा तुकडा लावून ठोकलं, पुन्हा ठोकलं. शिव्या दिल्या. आई दारातल्या खुर्चीवर होतीच. ती म्हणाली की शिव्या देऊन निघणार नाही, जरा हळू मार. मी जरा हळू मारलं आणि मूठ निघाली. शेपूट दोन्ही बाजूंनी सारखीच असल्यामुळे ती उलट्या मुठीतही गेली, थोडी ढिली. पुन्हा टोकावर हातोडी, पुन्हा पातं वर चढलं, पुन्हा मेण. संध्याकाळी बायको आली तेव्हा आम्ही दोघं गॅरेजमध्येच होतो आणि तिचा हेअर ड्रायर मेणाने माखला होता. मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्यावर ओरडायला तोंड उघडून तशीच उभी राहिली. मग सासूजवळ जाऊन तिने तिचा डावा हात हातात घेतला आणि ती लाल खूण बघितली. दुसऱ्या दिवशी पाकिटातल्या सगळ्या चिरलेल्या भाज्या तिने एकदम संपवून टाकल्या आणि बाजारातून अख्खा कोबी आणला.

पाडवा त्या वर्षी आम्ही वीकएंडला केला. डेकच्या कठड्याला गुढी बांधली, लेक ड्राइव्ह करून परत आली, इथल्या मराठी मंडळातली चार-पाच घरं जेवायला आली. त्यांत एक काकू आहेत, मनाने प्रेमळ, पण कुठे काय चालतं आणि काय चालत नाही याचं सगळं शास्त्र त्यांना पाठ. आई काउंटरशी उभी राहून पचडीसाठी कोबी चिरत होती. मूठ तिच्या डाव्या हातात घट्ट बसली होती. मला वाटलं होतं, लोक आले की ती थांबेल. ती थांबली नाही. काकू किचनमध्ये आल्या, कोबीचं कौतुक करायला वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"अगंबाई, तुम्ही डावऱ्या?" त्या म्हणाल्या. "आणि हे नैवेद्याचं ना?"

 माझं डोकं तापलं, मी तोंड उघडलं, आणि बायकोने माझ्या पायावर पाय दिला. आईची सुरी थांबली होती. तिने काकूंकडे बघितलं, मग एकदा नातीकडे.

"हो," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

आणि टक टक टक टक, ती पुढे चिरायला लागली. काकू सरळ झाल्या. जरा वेळाने त्यांनी लिंबं पिळायला घेतली आणि स्वतःहून सांगितलं की त्यांचा धाकटा भाऊही तसाच होता, फार मार खाल्ला बिचाऱ्याने. पचडी जेवणाच्या अर्ध्यातच संपली. जेवणं झाल्यावर लेकीने बेसमेंटमधून कॅरम आणला. आईने डाव्या हाताने पहिल्याच फटक्यात राणी घेतली, वर पुढच्याच फटक्यात सोंगटीही, आणि मग तिने आम्हा सगळ्यांना असं धुतलं की मला पुन्हा राग यायला लागला.

लोक गेले. आई सुरी पुसून पात्याला शेंगतेलाचं बोट लावत होती. बॅग अजून तिच्या खोलीत बाहेरच पडली होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं की ते तिकीट कॅन्सल होतं का.

मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. पण आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर वेळेवर सुचलं. मी तोंड गंभीर करून म्हटलं की आता काही होत नाही, बुकिंग पक्कं आहे, तुला जावंच लागेल. सुरी मात्र इथेच राहील, तुझी विळी तिकडे ने.

आईने सुरी नीट खाली ठेवली, हात पदराला पुसला, आणि माझ्या उजव्या गालावर एक चापट दिली.